सही केलेली तडजोड रद्द करता येते का? वाटपाच्या दाव्यातल्या एका बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका विवाहित बहिणीने विचारलंय. वडील वारल्यावर थोरल्या भावाने वाटपाचा दावा लावला. धाकटा भाऊ, आई आणि ही बहीण प्रतिवादी. बहिणीचा वकील भावांनीच पाहून दिला. सव्वा वर्षापूर्वी तडजोड झाली. बहिणीने सही केली, आईने अंगठा दिला, बहिणीला सहा लाखांचा चेक मिळाला. रस्त्याकडेची दोन एकर जमीन "बाबांनीच मागे विकून टाकली" असं भावांनी सांगितलं होतं आणि दाव्यातही ती दाखवलेली नव्हती. आता सातबारा काढला, तर ती जमीन वडिलांच्या नावावरच होती आणि तडजोडीनंतर फेरफार होऊन दोघा भावांच्या नावे झाली आहे. तडजोडीत एक कलम असंही निघालं की वडिलांच्या इतर कोणत्याही मिळकतीत बहिणीचा हक्क राहिलेला नाही. तिला विचारायचंय की नवा दावा लावून ही तडजोड रद्द होईल का.

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो. नवा दावा लावू नका. कोणी "फसवणुकीचा स्वतंत्र दावा टाकू" म्हणालं, तरी त्या कागदांवर सही करू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ मधला नियम ३अ सरळ सांगतो की, ज्या तडजोडीवर हुकूमनामा (कोर्टाचा निर्णायक आदेश) झाला ती कायदेशीर नव्हती या कारणावरून तो हुकूमनामा रद्द करून मागणारा दावा चालणार नाही. ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली. एका दाव्याच्या तडजोडीतून दुसरा दावा आणि दुसऱ्यातून तिसरा निघू नये, हा तिचा हेतू. तरी असे दावे आजही सर्रास लागतात. समोरची बाजू आदेश ७ नियम ११ खाली अर्ज देते, दावा सुरुवातीलाच फेटाळला जातो, मग अपील, मग वरचं कोर्ट, आणि तेवढ्या वर्षांत जमीन तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेलेली असते. फसवणूक खरी असूनही केवळ चुकीच्या दारात गेल्यामुळे माणसं हरतात, हे मला फार लागतं. कारण हे टाळता येण्यासारखं असतं.

बरोबर दार म्हणजे तेच कोर्ट, ज्याने तडजोड नोंदवून हुकूमनामा केला. आदेश २३ नियम ३ म्हणतो की तडजोड लेखी हवी, पक्षकारांच्या सहीची हवी आणि कायदेशीर हवी. त्याच नियमाखालच्या स्पष्टीकरणात असंही आहे की, भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे जो करार निरर्थक किंवा निरर्थक ठरवता येण्याजोगा आहे, तो या नियमापुरता कायदेशीर समजला जाणार नाही. फसवणुकीने, दबावाने किंवा गैरवाजवी प्रभावाखाली दिलेली संमती या दुसऱ्या प्रकारात येते. म्हणून तुमचा अर्ज असा असेल: याच दाव्यात, याच कोर्टापुढे, तडजोड कायदेशीर नव्हती म्हणून हुकूमनामा मागे घ्यावा आणि दावा पुन्हा फाईलवर घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने बनवारीलाल विरुद्ध चंदोदेवी या निकालात हा मार्ग स्पष्ट केला आणि २००६ मध्ये पुष्पादेवी भगत प्रकरणात पुन्हा ठासून सांगितला. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही असं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९६(३) म्हणतं. पण तडजोड नोंदवायलाच नको होती, हा मुद्दा आदेश ४३ नियम १अ मुळे अपिलात घेता येतो. मात्र जिल्हा न्यायालयातल्या अपिलाची मुदत ३० दिवसांची, आणि तुमचं सव्वा वर्ष उलटून गेलंय. त्यामुळे तुमच्यासाठी अर्जाचाच रस्ता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरतनलाल शर्मा प्रकरणात आणखी स्पष्ट केलं की असा अर्ज करणं हा कायद्यानेच दिलेला हक्क आहे. त्यासाठी आधी कोणत्या कोर्टाने "मुभा" दिलेली असण्याची गरज नाही.

हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती तुमच्या पत्रात स्पष्ट नाही. तडजोड कोर्टात झाली की लोकअदालतीत? तुम्ही लिहिलंय "कोर्टाच्या आवारात सही केली, तीन जण बसले होते". तीन जण हा शब्द मला खटकला. लोकअदालतीच्या पॅनेलवर बहुधा न्यायाधीश, वकील आणि एखादे सामाजिक कार्यकर्ते बसतात. तुमच्या कागदाच्या वर राष्ट्रीय लोकअदालत किंवा तालुका विधी सेवा समिती असं छापलेलं असेल आणि खाली पॅनेलच्या सह्या असतील, तर तो लोकअदालतीचा निवाडा आहे आणि रस्ता पूर्ण बदलतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम २१ नुसार तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. पंजाब राज्य विरुद्ध जालोरसिंग (२००८) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा निवाड्याला फक्त उच्च न्यायालयात, घटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली, आणि तेही अगदी मोजक्या कारणांवर आव्हान देता येतं. फसवणुकीचं कारण असलं तरी दिवाणी दावा नाही, हे २०१७ मध्ये भार्गवी कन्स्ट्रक्शन्सच्या निकालात ठरलं. उच्च न्यायालयातल्या अशा याचिकेत, म्हणजे रिट याचिकेत, साक्षीदार तपासण्याची सोय जवळजवळ नसतेच, सगळी भिस्त कागदावर असते. तुमच्या सोयीची एकच गोष्ट: सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय. मुंबईला खेटे घालावे लागणार नाहीत.

म्हणून वकील गाठायच्याही आधी नकलेचा अर्ज द्या. दावा अर्ज, कैफियती (प्रतिवादींची लेखी उत्तरं), तुमच्या नावाचं वकीलपत्र, तडजोड पुरसिस (कोर्टात दिलेला तडजोडीचा लेखी कागद), त्या दिवसाचा रोजनामा (कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद) आणि हुकूमनामा या सगळ्यांच्या प्रमाणित नकला घ्या. मोबाईलवर काढलेल्या फोटोंवर विसंबू नका. गावाकडून फेरफाराची नक्कलही काढा, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद. दाव्यातच नसलेल्या गटावर भावांची नावं कोणत्या आधाराने लागली, ते तिथे दिसेल. वडील वारल्यावर वारस नोंद झाली तेव्हा तुमचं नाव लागलं होतं का, लागलं असेल तर ते कमी कशावरून झालं, नसेल तर वारसांची यादी तलाठ्याकडे कोणी दिली, हे तीन प्रश्न त्या एका नोंदीतून सुटतात.

आता मुद्द्याचं. तडजोड कशामुळे मोडते?

पैसे कमी मिळाले म्हणून मोडत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण तुमच्या पत्रात सर्वात जास्त ओळी त्यावरच आहेत. जमिनीचा आजचा भाव, सहा लाखांची किंमत, भावांनी बांधलेला बंगला. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार वारस, प्रत्येकी पाव हिस्सा. वडिलोपार्जित असेल तर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीने जन्मानेच आहे. विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला त्यावरचा घोळही संपला. पण आपला हक्क कमी घेऊन किंवा काहीही न घेता सोडण्याचं स्वातंत्र्यही कायद्याने तुम्हाला दिलंय. आपल्याकडे हजारो बहिणी साडीचोळीवर हक्कसोड करून देतात. ती पद्धत मला मुळीच पटत नाही, पण ते हक्कसोड पत्र बेकायदा नसतं. घरातल्या वाटण्या मिटलेल्या राहाव्यात याकडे न्यायालयांचा कल असतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या काळे प्रकरणातल्या निकालापासून तो पक्का झालेला आहे.

या बाबतीत सर्वात मोठं उदाहरण भोपाळचं. वायुदुर्घटनेच्या भरपाईची तडजोड १४ आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला सर्वोच्च न्यायालयात झाली, ४७ कोटी डॉलरची. १९९१ मध्ये फेरविचार झाला, फौजदारी खटले बंद करण्याचा भाग निघाला, रक्कम तशीच राहिली. पुढे पीडितांची खरी संख्या आणि नुकसान तडजोडीच्या वेळी धरलं त्याहून मोठं होतं, असं म्हणत केंद्र सरकार २०१० मध्ये वाढीव रकमेसाठी परत गेलं. १४ मार्च २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती याचिका फेटाळली. तडजोड मोडायची असेल तर फसवणूक हे कारण लागतं आणि ते सरकारने मांडलेलंच नाही, असं न्यायालयाने म्हटलं. एवढ्या मोठ्या आपत्तीत, साक्षात केंद्र सरकारला, "रक्कम अपुरी होती" हे कारण पुरलं नाही. तुमच्या-माझ्या वाटपाच्या दाव्यात ते पुरणार नाही.

तरी रकमेचा मुद्दा टाकून देऊ नका. करार कायद्याच्या कलम २५ चं दुसरं स्पष्टीकरण म्हणतं की मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार निरर्थक होत नाही. पण संमती खरोखर मोकळेपणाने दिली होती का, हे ठरवताना मोबदल्याचा अपुरेपणा न्यायालय विचारात घेऊ शकतं. म्हणजे रक्कम हे तुमचं कारण नव्हे, तो तुमच्या कारणाचा पुरावा. अर्जात तिची जागा तशीच, मागच्या बाकावर ठेवा.

पुढच्या बाकावर यायला हवं ते भावाचं वाक्य: "ती जमीन बाबांनीच विकली." तुमचं सगळं प्रकरण या वाक्यावर उभं आहे, आणि इथे कायद्यातला एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. भावांचे वकील करार कायद्याच्या कलम १९ चा अपवाद पुढे करतील. खरी गोष्ट साध्या चौकशीने कळण्यासारखी होती, तर नंतर फसवणुकीची तक्रार करता येत नाही असं ते म्हणतील. "सातबारा ऑनलाइन दिसतो, या दहावी शिकलेल्या आहेत, पाहायचा होता," असा युक्तिवाद येणार हे आत्ताच गृहीत धरा. पण तो अपवाद दोनच ठिकाणी लागतो. एक, जिथे चुकीची माहिती दिली गेली पण फसवण्याचा हेतू नव्हता. आणि दुसरं, जिथे समोरचा नुसता गप्प राहिला. खोटं आहे हे माहीत असून, तुमची सही मिळावी म्हणून, तोंडाने खोटं सांगितलं, तर ती कलम १७ मधली सरळ फसवणूक आहे. तिथे "तू तपासलं का नाहीस" हा बचाव चालत नाही. म्हणून तुमच्या अर्जाचं भवितव्य या एका प्रश्नावर आहे: भाऊ गप्प राहिले, की त्यांनी खोटं सांगितलं? खोटं सांगितलं असेल तर कोणी, कधी, कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत?

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे. तो फोन जपा. नवा घेतलात तरी जुना विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा. मेसेजमध्ये "रस्त्याकडची बाबांनी दिली होती ना पाटलांना" असं एक वाक्य जरी असेल, तरी ते दहा साक्षीदारांच्या बरोबरीचं आहे.

आता अर्ज कसा लिहिला जातो त्याबद्दल, कारण निम्मी प्रकरणं तिथे बुडतात. आदेश ६ नियम ४ सांगतो की फसवणूक, गैरवाजवी प्रभाव वगैरे म्हणायचं असेल तर तारखांसह तपशील द्यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच, बिशुनदेव नारायण प्रकरणात, तडजोडीच्या हुकूमनाम्याबद्दलच सांगितलं होतं की मोघम आरोप कितीही कडक शब्दांत केले तरी ते फसवणुकीचं कथन होत नाही. तरी अर्जांमध्ये काय असतं? "वादी व प्रतिवादी क्र. १ यांनी आपसांत संगनमत करून, अर्जदाराच्या अज्ञानाचा व भोळेपणाचा गैरफायदा घेऊन, तिची घोर फसवणूक केली आहे." या वाक्यात एकही घटना नाही. न्यायाधीश ते वाचून पुढच्या पानावर जातात.

त्याऐवजी असं लिहायला सांगा: "तडजोडीच्या आदल्या रविवारी वादी अर्जदाराच्या सासरी आले. अर्जदाराचे पती व दीर हजर होते. अर्जदाराने रस्त्यालगतच्या गटाबद्दल विचारले असता वादीने सांगितले की तो गट वडिलांनी २०१५ च्या सुमारास विकला व पैसे आजारपणात खर्च झाले. वादीस हे विधान खोटे असल्याचे माहीत होते, कारण त्याच वर्षी वादीने त्याच गटावर विकास सोसायटीचे पीककर्ज उचलले होते व त्याचा बोजा सातबाऱ्यावर आहे." हे फक्त नमुन्यादाखल. तुमचे तपशील तुमचे असतील आणि जे खरोखर घडलं तेच लिहायचं. पण फरक पाहा. यातली प्रत्येक गोष्ट तपासता येते, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यातला बोजा हा असा पुरावा आहे की जो भावाला उलटतपासणीत टाळता येणार नाही. तुमच्या गटाच्या सातबाऱ्यावर तसा काही बोजा आहे का, विहिरीची किंवा वीजजोडाची नोंद कोणाच्या नावे आहे का, पीकपाहणी कोणी लावली आहे, हे आज तपासा.

दुसरं कारण तुमच्या वकिलासंबंधीचं. वकीलपत्राच्या नकलेवरची तारीख पाहा. तडजोड ज्या दिवशी दाखल झाली त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी तुमचं वकीलपत्र दाखल झालं असेल, तुमची स्वतंत्र कैफियतच नसेल, आणि भावांच्या वकिलाच्या कार्यालयातूनच तुमचे कागद टाइप झाले असतील, तर हे चित्र न्यायालयाला खूप काही सांगतं. वकिलाने एका बाजूला सल्ला देऊन त्याच वादात दुसऱ्या बाजूने उभं राहायचं नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. वकील पक्षकाराच्या वतीने तडजोडीवर सही करू शकतो हे १९९१ मध्ये बायरम पेस्तनजी गारीवाला प्रकरणात मान्य झालं. पण हक्क सोडण्याचा प्रश्न असेल तर पक्षकाराची स्पष्ट सूचना हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने नंतर वारंवार सांगितलंय. तुमच्या बाबतीत सही तुमचीच आहे, म्हणून "वकिलाने परस्पर केलं" ही बाजू घेऊ नका. "मला स्वतंत्र सल्ला मिळालाच नाही आणि तो मिळू नये अशी व्यवस्था होती" ही बाजू घ्या. वकिलाविरुद्ध महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करायची तर जरूर करा, पण त्याने हुकूमनामा हलत नाही, हे ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट तुमच्या विरोधात जाते, आणि ती सांगणं माझं काम आहे. त्या दिवसाच्या रोजनाम्यात किंवा पुरसिसच्या पाठीवर बहुतेक असं लिहिलेलं असेल: "उभय पक्ष हजर. मजकूर वाचून दाखवला. मान्य व कबूल. ओळख पटवली." खाली न्यायाधीशांची सही. न्यायालयापुढे काय घडलं याची न्यायाधीशांनी केलेली नोंद खरी मानली जाते, ती शपथपत्राने खोडता येत नाही. महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक (१९८२) मधलं हे तत्त्व आजही जसंच्या तसं लागतं. नोंद चुकली असेल तर त्याच न्यायाधीशांच्या, प्रसंग त्यांच्या आठवणीत ताजा असताना, लक्षात आणून द्यायची असते. म्हणून "मला काही वाचूनच दाखवलं नाही, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या" असं लिहिण्याआधी दहादा विचार करा. ते खरं असेल तर लिहाच. पण प्रत्यक्षात वाचून दाखवलं गेलं असेल आणि तुम्ही "हो" म्हणाला असाल, तर तेही मान्य करा. त्याने तुमचं प्रकरण पडत नाही. तुम्ही "हो" म्हणालात ते जमीन आधीच विकली गेलीय असं समजून. फसवणूक न्यायाधीशांसमोर झाली नाही, ती त्याआधी घरात झाली. अर्जदाराचं एक विधान रोजनाम्याने खोटं पडलं की उरलेली खरी विधानंही संशयात येतात.

आता त्या कलमाबद्दल, "इतर कोणत्याही मिळकतीत हक्क राहिलेला नाही" असं म्हणणाऱ्या. दाव्याच्या मिळकतींची यादी आणि हे कलम शेजारी ठेवून वाचा. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तडजोड दाव्याच्या विषयाबाहेर जाऊ शकते, हे खरं. पण नोंदणी कायद्याचं कलम १७(२)(सहा) म्हणतं की तडजोडीच्या हुकूमनाम्याला नोंदणीतून मिळणारी सूट दाव्यातल्या मिळकतीपुरतीच आहे. दाव्याबाहेरची स्थावर मिळकत त्यात आणली, तर तो हुकूमनामा नोंदवावा लागतो. न नोंदवलेल्या दस्ताने स्थावरातला हक्क जात नाही. भावांनी हुकूमनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवला होता का? बहुतेक नसेल. तसं असेल तर रस्त्याकडेच्या गटापुरता तुमचा मुद्दा फसवणूक सिद्ध होण्यावर अवलंबून राहत नाही. माझ्या मते तुमच्या हातातलं हे सर्वात मजबूत हत्यार आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नव्हता. अर्जात दोन्ही मुद्दे घ्यायला सांगा: मुख्य मागणी संपूर्ण तडजोड रद्द करण्याची, आणि पर्यायी म्हणणं असं की निदान त्या कलमाने माझा त्या गटातला हक्क संपलेला नाही.

जिंकलात तर काय होईल, याचाही आत्ताच विचार करा. तडजोड गेली म्हणजे जमीन मिळाली असं नाही. दावा होता तिथे परत येतो. तुम्ही कैफियत द्याल, दुरुस्ती करून तो गट दाव्यात आणायला लावाल, पुरावा होईल, प्राथमिक हुकूमनामा होईल, मग प्रत्यक्ष सरस-निरस वाटप, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईट कस पाहून केलेलं वाटप. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीलाही आपला हिस्सा मागता येतो, त्यामुळे वेगळा दावा लागणार नाही, पण वर्षं जातील. आणि सहा लाख परत करावे लागतील. करार मोडणाऱ्याने त्यातून घेतलेला लाभ परत द्यायचा असतो. अर्जातच लिहा की कोर्ट सांगेल तेव्हा रक्कम जमा करायला मी तयार आहे, आणि खरोखर तयारी ठेवा. पैसे ठेवून घेऊन तडजोड नको म्हणणाऱ्या अर्जदाराकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहतं. भावांकडून आणखी काही हप्ता यायचा असेल तर आता तो स्वीकारू नका. फसवणूक कळल्यानंतर घेतलेला एक रुपयासुद्धा तडजोड मान्य केल्याचा पुरावा म्हणून पुढे येईल.

वेळेबद्दल. अशा अर्जाला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३७ ची तीन वर्षं धरतात, आणि फसवणूक असेल तर कलम १७ प्रमाणे ती कळल्यापासून मोजतात. त्यामुळे मुदतीची भीती आज नाही. पण सातबारा तुम्ही नेमका कधी काढला, ती तारीख अर्जात हवी. ऑनलाइन काढला असेल तर उताऱ्यावर ती छापलेली असते. खरी घाई वेगळ्या कारणासाठी आहे. रस्त्याकडेची जमीन विकायला वेळ लागत नाही. अर्जासोबतच मिळकत विकू नये, गहाण टाकू नये असा मनाई हुकूम मागा आणि मिळकतीबाबत वाद प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. फेरफाराविरुद्ध जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्याची मुदत ६० दिवसांची, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडावा लागेल. महसूल अधिकारी मालकी ठरवत नाहीत, तरीही हे अपील करा, कारण सातबाऱ्यावर वाद दिसला की विकत घेणारा थबकतो.

पोलिसांत जायचं का, असंही विचारलंय तुम्ही. आधी नको. भावांवर गुन्हा दाखल झाला की आई कोणाच्या बाजूने बोलणार, हे तुम्ही जाणताच, आणि पोलीस बहुधा "दिवाणी स्वरूपाचा वाद" म्हणून परत पाठवतात. तसा शेरा मिळाला की भावांचे वकील तो दिवाणी कोर्टात दाखवतात. कोणी शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून "तडजोड रद्दपत्र" करायला सांगितलं, तर त्यावर पैसे घालवू नका. कोर्टाचा हुकूमनामा एकतर्फी कागदाने रद्द होत नाही.

शेवटी आईबद्दल. तिने अंगठा दिलाय, लिहिता-वाचता येत नाही, राहते भावांकडे. कायद्याच्या दृष्टीने तिची बाजू तुमच्याहून भक्कम आहे. निरक्षर, वृद्ध आणि पूर्णपणे दुसऱ्यावर विसंबून असलेल्या स्त्रीने हक्क सोडला असेल, तर तिला सगळं समजलं होतं हे दाखवण्याची जबाबदारी लाभ घेणाऱ्यावर येते. तिचाही पाव हिस्सा त्या दोन एकरांत असू शकतो. पण तिला अर्जदार व्हायला भाग पाडू नका. उतारवयात तिला त्याच घरात राहायचंय. तिच्याशी एकटीशी बोला, पुढे साक्ष द्यायला लागली तर खरं ते सांगशील का, एवढंच विचारा. ती नाही म्हणाली तर तिला वगळून अर्ज करा. ती दाव्यात पक्षकार आहेच, तिचा हिस्सा कोर्टाला पाहावाच लागेल.

खर्चाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती असते, आणि १५१०० या हेल्पलाइनवर फोन करूनही सुरुवात करता येते. जाताना वर सांगितलेल्या नकला, गटाचा सातबारा आणि गाव नमुना ६ ची नक्कल सोबत ठेवा. चेक ज्या दिवशी खात्यात जमा झाला त्या महिन्याचं बँक स्टेटमेंटही घ्या, कारण रक्कम तडजोडीच्या आधी मिळाली की नंतर, हा प्रश्न पहिल्या तारखेलाच येईल.